सीतेने ऐकलेली जबानी

गोंदिया जिल्ह्यात आमगावच्या लगत पदमपूर नावाचे एक गाव आहे. धानाच्या बांध्या, बोड्या आणि मोहाची झाडे यांच्या पसाऱ्यात वसलेल्या या गावी परगावचा माणूस आला, तर आसपासच्या शेकडो गावांहून त्याचे काही निराळेपण त्याला प्रथमदर्शनी जाणवेल असे नाही. परंतु महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी वाकाटकांच्या ताम्रपटातील पद्मपुराचा उल्लेख आणि भवभूतीने आपल्या नाटकांच्या प्रस्तावनांत दिलेला कुलवृत्तान्त यांची सांगड घालून, विदर्भातील ज्या पद्मपुरात भट्टगोपालाचा नातू आणि नीलकंठ व जातुकर्णी यांचा पुत्र भवभूती यांचे घराणे नांदत होते ते पद्मपूर हेच होय, असा निर्णय दिला, आणि तेव्हापासून करुणरसाच्या या श्रेष्ठ नाटककाराशी आम्हां झाडीपट्टीच्या लोकांचे नाते जडले. आमगावच्या महाविद्यालयाने त्याचे नाव धारण केले आहे. १९९९ साली आमचा जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा निघाला, दफ्तरे हलली, हद्दी नव्याने मुकरर झाल्या. त्या वाटणीत भवभूती आमच्या हिश्शाला आला, याचा मला फार अभिमान वाटतो.

या नात्यात आणखी एक दुवा आहे, तो विद्वानांपेक्षा गावकऱ्यांना लवकर पटेल. आठव्या शतकात कनोजच्या यशोवर्म्याच्या आश्रयाला गेलेल्या या कवीची नाटके कालप्रियनाथाच्या यात्रेत जमलेल्या लोकांपुढे खेळली गेली, असे त्यांच्या प्रस्तावनाच सांगतात. आणि आमच्याकडे धान कापून झाल्यावर, भाऊबीज उलटली की गावोगाव मंडई भरते, शंकरपटाच्या बैलजोड्या सुटतात आणि त्या निमित्ताने उभारलेल्या रंगमंचावर रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. वडशाच्या नाटक कंपन्यांचा तो सारा व्याप, परशुराम खुणे यांच्यासारख्या नटाला २०२३ साली लाभलेली पद्मश्री, त्याआधीची गावातली दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्ये, हे सर्व एका यात्रेकरू रंगभूमीचेच वंशज आहेत. म्हणून भवभूतीच्या एका प्रसंगाचे पडद्यावर काय झाले, याचा हिशेब मागण्याचा अधिकार या मुलखातल्या प्रेक्षकाला इतरांपेक्षा काकणभर अधिक आहे, अशी माझी समजूत आहे.

तो प्रसंग उत्तररामचरिताच्या तिसऱ्या अंकातला. या अंकाला परंपरेने छायांक म्हणतात. सीतेचा त्याग होऊन बारा वर्षे लोटली आहेत आणि शूद्र तपस्वी शंबूकाच्या वधासाठी दंडकारण्यात आलेला राम पंचवटीत पाऊल टाकतो. (शंबूकाचा वध हा या कथेवरचा डाग आहे, भवभूतीने त्यावर दिव्यरूपाचे वस्त्र पांघरले असले तरी तो डाग पुसला जात नाही, आणि तो पुसल्याचा आव आणणे मला मान्य नाही.) त्याच दिवशी कुश-लवांची बारावी वर्षगाठ, त्या निमित्ताने सूर्यपूजेसाठी स्वहस्ते फुले वेचावीत म्हणून भागीरथीने सीतेला तेथे पाठवले आहे, आणि मनुष्यांनाच काय, वनदेवतांनाही ती दिसणार नाही असा प्रभाव तिच्या ठायी ठेवला आहे. सोबतीला तमसा नदी. रामाच्या सोबतीला सीतेची जुनी मैत्रीण, वनदेवता वासंती. सीतेने आपल्या हाताने पाला भरवून वाढवलेला हत्तीचा छावा आता तरुण झाला आहे, तिने नाचवलेला मोर कदंबावर बसला आहे. एकेक ओळखीची खूण पाहून राम मूर्च्छित होतो, सीता त्याला स्पर्श करून सावध करते, तो स्पर्श ओळखतो, तिचा हात धरतो, आणि हात सुटताच वासंतीला विचारतो. पण वासंतीला तर तेथे कोणीच दिसलेले नाही.

मी हा प्रसंग संस्कृतात वाचला त्याच्या कितीतरी आधी दंडारीत पाहिला. तिसरी-चौथीत असेन. सीतेचे काम करणाऱ्या गड्याने लुगड्याचा पदर नाकापर्यंत ओढून घेतला होता आणि तो रामाच्या अगदी समोर, दोन हातांवर उभा होता. राम मात्र त्याच्याकडे न पाहता दूर काळोखात हाका मारीत होता. हा प्रकार मला मुळीच कळेना, म्हणून मी शेजारच्या म्हाताऱ्या आजीला विचारले. ती म्हणाली, “रामाले ते दिसत नाही ना गा, आपल्यालेच दिसते.” त्या एका वाक्यात तिने मला जे दिले ते पुढे कोणत्याही टीकाग्रंथाने दिले नाही. रंगभूमीवर अदृश्यता हा संकेत असतो. सीता डोळ्यांदेखत उभी आहे. ती अदृश्य आहे ती फक्त रामाला, आणि प्रेक्षक तिच्या बाजूला उभा राहून रामाकडे पाहतो आहे. त्याची जागा रामाजवळ नाही, तमसेजवळ आहे.

ही जागा इतकी महत्त्वाची का, हे समजण्यासाठी पहिल्या अंकाकडे वळले पाहिजे. तेथे जो निकाल लागला तो एकतर्फी होता. आपल्याच पूर्वायुष्याची चित्रे पाहून थकलेली गर्भवती सीता रामाच्या बाहूवर मस्तक ठेवून निजली असताना दुर्मुख नावाचा हेर लोकापवादाची खबर आणतो, आणि राम तिच्या डोक्याखालचा हात हलकेच काढून घेऊन, तिच्या पायांवर मस्तक टेकवून, तिला तशीच निद्रिस्त सोडून निघून जातो. जिच्यावर आरोप ती झोपेत. तिला बोलावणे नाही, तिची कैफियत नाही, साक्षीपुरावा नाही, आणि हुकूम मात्र जारी झालेला. बारा वर्षांनंतर पंचवटीत हा मुकदमा पुन्हा उभा राहतो. वासंती रामाची उलटतपासणी घेते, आणि ती काही हात राखून घेत नाही. जिला तू जीव की प्राण म्हणत होतास तिच्याशी असे वागलास कसा, हे विचारता विचारता तिला स्वतःलाच भोवळ येते. राम उत्तर देतो, कोसळतो, पुन्हा उत्तर देतो. आणि ज्या फिर्यादीला पूर्वी कोणी ऐकले नव्हते ती दोन हातांवर उभी राहून ही जबानी ऐकत असते, ही गोष्ट जबानी देणाऱ्याला ठाऊक नसते. सीता समोर आहे हे कळले असते, तर रामाचा प्रत्येक शब्द विनवणी झाला असता, आणि विनवणीत स्वार्थाचा अंश असतोच. ती नाही अशी खात्री असल्यामुळेच त्याच्या बोलण्याला पुराव्याचे मोल येते. क्षमा करावी की नाही, हा अधिकार प्रथमच तिच्या हाती येतो, आणि तोही तिच्यावर कोणाचे डोळे रोखलेले नसताना.

या अंकातला सर्वांत नाजूक क्षण तर एका वाक्याच्या दोन अर्धांमध्ये आहे. राम वासंतीला सांगू लागतो की अश्वमेधासाठी आपल्याला सहधर्मचारिणी आहे. हे शब्द कानी पडताच सीता दचकते आणि, त्याला ऐकू जाणार नाही हे माहीत असूनही, कोण ती, असे विचारून बसते. मग राम वाक्य पुरे करतो: ती सीतेची सुवर्णप्रतिमा. तेवढ्याने बारा वर्षे रुतून बसलेले परित्यागाचे शल्य उपटले जाते. सुवर्णप्रतिमा वाल्मीकीच्या उत्तरकांडात आहे. पण तिची वार्ता सीतेला रामाच्या तोंडून कळावी, आणि कळण्यापूर्वी क्षणभर तिचा जीव टांगणीला लागावा, ही योजना भवभूतीची आहे. मी ज्या ज्या चित्रपटांत उत्तररामकथा पाहिली त्या त्या ठिकाणी या क्षणाचे काय झाले एवढेच पाहत आलो.

प्रारंभ दादासाहेब फाळक्यांपासून करावा लागतो. त्यांनी आपला कारखाना नाशकास, म्हणजे पंचवटीच्या उंबरठ्यावरच, नेला होता, आणि १९१७ च्या ‘लंकादहन’ या मूकपटात अण्णा साळुंके या एकाच नटाकडून राम आणि सीता या दोन्ही भूमिका करवून घेतल्या होत्या. ती कथा लंकेची, पंचवटीतल्या विलापाची नव्हे. तरी एकाच देहाने विरही पती आणि विरहिणी पत्नी व्हावे, ही घटना मला या चर्चेत विसरता येत नाही. स्त्रिया पडद्यावर येण्यास राजी नव्हत्या म्हणून पडलेली ती तडजोड होती. परंतु परस्परांना पाहू न शकणाऱ्या दोघांची याहून खरी मूर्ती दुसरी कोणती असेल?

पुढे बोलपट आले. १९३४ मध्ये कलकत्त्यास देवकी बोस यांनी ‘सीता’ काढला. त्यात आपल्या दुर्गाबाई खोटे सीता झाल्या आणि पृथ्वीराज कपूर राम, आणि तो व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत पोचला. मात्र महाराष्ट्राच्या मनात सीता म्हणून ठसल्या त्या शोभना समर्थ, १९४३ च्या ‘रामराज्य’मुळे. विजय भट्ट यांचा हा चित्रपट हिंदीबरोबर मराठीतही निघाला. प्रेम अदीब राम झाले, संगीत शंकरराव व्यासांचे, आणि मराठीतील गीते नागपूरच्या राजा बढे यांची. महात्मा गांधींनी १९४४ मध्ये तो पाहिला, ही गोष्ट त्याच्या जाहिरातीपेक्षा मोठी ठरली. या चित्रपटाविषयी माझ्या मनात आदर आहे, आणि तो केवळ बालपणाच्या आठवणींचा नाही. लव-कुश दरबारात उभे राहून रामासमोर रामायण गातात, आणि सिंहासनावरचा राजा आपलीच कथा परक्या मुलांच्या तोंडून ऐकू लागतो, तो भाग आजही मनाला भिडतो. परंतु त्यात भवभूतीच्या प्रसंगाची दिशा पूर्ण उलटली आहे. तेथे सीता ऐकते आणि राम बोलतो; येथे राम ऐकतो आणि सीतेचे दुःख दुसरे कोणी गाते. श्रोता राजा झाला की साऱ्या प्रसंगाचा रोख त्याच्या पश्चात्तापाकडे जातो, आणि सीतेच्या वाट्याला उरते ती पृथ्वीच्या उदरात शिरण्याची वाट. भवभूतीने हा शेवट स्वीकारला नव्हता. त्याने सातव्या अंकात नाटकातले नाटक रचून, प्रजेला त्याची साक्षीदार करून, पतिपत्नींची भेट घडवली होती. १९६७ साली विजय भट्टांनीच ‘रामराज्य’ पुन्हा रंगीत काढला आणि बीना राय यांना सीता केले. त्याने मूळच्या चित्रात रंगांखेरीज फारशी भर घातली असे मला वाटले नाही.

खरे आश्चर्य मला दक्षिणेत भेटले. १९६३ चा तेलुगू ‘लवकुश’, सी. पुल्लय्या आणि सी. एस. राव यांचा, नंदमूरि तारक रामाराव आणि अंजलीदेवी यांचा, घंटसालांच्या संगीताचा, तेलुगूतला पहिला संपूर्ण रंगीत चित्रपट. या चित्रपटात राम अश्वमेध करणार अशी वार्ता आश्रमात येते, आणि पत्नीवाचून यज्ञ होत नसल्यामुळे रामाने दुसरा विवाह केला की काय, या शंकेने सीता व्याकूळ होते. तिची व्यथा ओळखून वाल्मीकी आपल्या तपोबलाने तिला सूक्ष्मरूपाने अयोध्येच्या राजवाड्यात पाठवतात. तेथे ती आपलीच सुवर्णप्रतिमा पाहते आणि शांत मनाने परत येते. हे पाहताना मी खुर्चीत सावरून बसलो. कोण ती, हा तिसऱ्या अंकातला प्रश्न येथे जिवंत होता. अदृश्य सीता जिवंत होती. भवभूतीचे नाव कोठेही न घेता भवभूतीचे ऋण कृष्णेच्या काठी व्याजासह वाहते होते. आमच्या मराठी चित्रपटाला, भवभूतीच्या जन्मभूमीचा वारसा सांगणाऱ्या भाषेला, जे साधले नाही ते तेलुगू लोककथेच्या स्मृतीने जपले, याचा आनंदही झाला आणि विषादही.

तथापि येथे एक फरक पडला, आणि तो किरकोळ नाही. चित्रपटातली सीता प्रतिमा पाहते. नाटकातली सीता रामाचे बोलणे ऐकते. प्रतिमा हा पुरावा खरा, पण मुका. राजाने यज्ञाच्या सोयीसाठी सोन्याची पुतळी घडवली असेही त्यावरून म्हणता येईल. जे ओठांवर येताना राम दोनदा कोसळतो ते पुतळीच्या मुखावर कसे वाचता येणार? चित्रपट ही डोळ्यांची कला आहे असे मानण्याची जी सवय पडली आहे तिने कानाचा हक्क डोळ्याला बहाल केला, आणि शंका फिटली तरी शल्य निघाले की नाही हे प्रेक्षकाला कळले नाही. २०११ साली बापू यांनी हीच कथा ‘श्रीरामराज्यम्’ या नावाने पुन्हा मांडली. तिची सजावट मनोहर आहे, पण माझे गाऱ्हाणे ‘लवकुश’ने जेथे सोडले होते तेथेच राहिले.

आणि मग अरविंदन. जी. अरविंदन यांचा मल्याळम ‘कांचनसीता’ १९७७ चा. त्याबद्दल त्यांना दिग्दर्शनाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. तो सी. एन. श्रीकंठन नायर यांच्या त्याच नावाच्या नाटकावर आधारलेला आहे, भवभूतीवर नव्हे. परंतु राम दंडकारण्यात परततो आणि तेथे सीता त्याला सर्वत्र जाणवू लागते, या ठिकाणी दोघांची वाट एक होते. अरविंदन यांनी आंध्रच्या वनप्रदेशात जाऊन, रामाचे वंशज म्हणवणाऱ्या रामचेंचू आदिवासींकडून राम आणि लक्ष्मण करवून घेतले. मुकुट नाहीत, महाल नाहीत, संवाद अगदी मोजके, शाजी करुण यांचा कॅमेरा आणि राजीव तारानाथांचे संगीत. सीता मात्र कोणत्याही नटीने केलेली नाही. ती दिसतच नाही. वाऱ्याने हललेली पाने, पाण्यावरची लहर, अकस्मात दाटून येणारे आभाळ, हीच सीता. शेवटी राम नदीच्या पाण्यात उतरतो आणि प्रकृतीत विलीन होतो.

ज्या मुलखात गोंड आणि हलबी घरांच्या पोरांनी मंडईत राम उभा केलेला आहे तेथील माणसाला हा सावळा, उघड्या अंगाचा राम परका वाटणार नाही. उलट, नवेगावबांधच्या तळ्याकाठी किंवा नागझिऱ्याच्या वाटेवर तो भेटला तर आपण त्याला जागच्या जागी ओळखू, असे वाटते. आजवरच्या साऱ्या रामपटांत हा एकच असा आहे की ज्याने अदृश्यतेचा प्रश्न तांत्रिक करामतीने सोडवला नाही. एकाच फितीवर दोनदा चित्र उठवून पारदर्शक सीता उभी करणे त्याला सहज शक्य होते. त्याने ते नाकारले, आणि त्या नकारातून मोठी कविता निर्माण झाली.

पण म्हाताऱ्या आजीचे वाक्य मला येथेही सोडत नाही. अरविंदन यांच्या चित्रपटात सीता रामाला दिसत नाही आणि आपल्यालाही दिसत नाही. म्हणजे त्यांनी प्रेक्षकाला तमसेजवळून उठवून रामाच्या शेजारी नेऊन बसवले. आपण रामाबरोबर झाडाझुडपांत तिला शोधतो, पान हलले की त्याच्याबरोबर आपलाही श्वास अडखळतो. हे दुःख सच्चे आहे, परंतु ते शोधणाऱ्याचे दुःख आहे, ऐकणाऱ्या स्त्रीचे नव्हे. सीता प्रकृती झाली की ती विराट होते, आणि विराटाला कोणी प्रश्न विचारत नाही, विराट स्वतःही विचारत नाही. कोण ती, असे दचकून विचारणारी, असूयेने क्षणभर जळणारी, क्षणात लाजणारी मनुष्यस्त्री तेथे उरत नाही. पाने हलतात तेव्हा ती ऐकत असेल, अशी आशा मी प्रत्येक वेळी धरतो, आणि कधी कधी ती खरीही वाटते. तरीही रामाच्या बाजूने केलेल्या चित्रपटांतला हा सर्वोत्तम चित्रपट असे म्हटल्यावाचून मला राहवत नाही, आणि या वाक्यातल्या दोन्ही भागांवर माझा सारखाच भर आहे.

मधला एखादा मार्ग असेल का? संस्कृतातच त्याचा एक निर्देश आहे. ‘कुंदमाला’ नाटकात सीता अदृश्य असते, परंतु तळ्याच्या पाण्यात पडलेले तिचे प्रतिबिंब रामाला दिसते. ही कल्पना चित्रपटासाठीच जन्मली होती असे वाटावे इतकी ती दृश्य आहे. मात्र प्रतिबिंब दिसले की राम सावध होतो, आणि राम सावध झाला की त्याची जबानी निखळ राहत नाही. म्हणून मी भवभूतीकडेच परत येतो.

माझे म्हणणे एवढेच की हा अंक अजून चित्रित झालेला नाही, आणि तो मराठीत, शक्य तर याच मुलखात, झाला पाहिजे. त्यासाठी कोट्यवधींची रक्कम लागत नाही. आमच्या वाघ नदीचे पाणी वैनगंगेत जाते, वैनगंगेचे प्राणहितेत आणि प्राणहितेचे गोदावरीत. ज्या गोदावरीच्या तीरावर राम रडला तिला पद्मपुराच्या शिवारातले पाणी दरवर्षी जाऊन मिळते, मग वनाची आणि नदीची उणीव आम्हांस कशी भासेल? सीता पूर्णपणे, सदेह, दिसावी. धूसर नको, पारदर्शक नको, भोवती तेजोवलय नको. राम तिच्याकडे पाहील आणि त्याची दृष्टी तिच्यातून पलीकडे जाईल. हे काम यंत्राचे नाही, नटाचे आहे, आणि आमच्या दंडारीतल्या अडाणी गड्याने ते बिनदिक्कत केलेले मी पाहिले आहे. वासंतीचे प्रश्न एकही न गाळता ठेवावेत. आणि रामाच्या त्या वाक्याच्या दोन अर्धांमध्ये कॅमेरा रामावर नसावा. तो सीतेच्या मुखावर असावा, पार्श्वसंगीत तहकूब असावे, वाऱ्याचाही आवाज नसावा. सहधर्मचारिणी हा शब्द कानी पडल्यापासून सुवर्णप्रतिमा हा शब्द येईपर्यंतचा काळ दिग्दर्शकाला जितका लांबवता येईल तितका त्याने लांबवावा.

त्यानंतर राम विमानाने निघून जातो. सीतेची दृष्टी त्याच्यावरून हलत नाही, पाय उचलत नाही. तेव्हा तमसा कोणताही उपदेश न करता तिला एवढेच म्हणते की चल, मुलांच्या वर्षगाठीचे मंगल व्हायचे आहे, भागीरथी वाट पाहत असेल. आणि त्या दोघी, वेचलेली फुले सांभाळीत, निघतात.